ख्रिस्ती धर्मचिंतनाला सार्वजनिक प्रश्नांत स्थान असावे का?

साखळीकर :
गोव्यात पावसाळ्यात खाणीच्या ढिगाऱ्यांवरून वाहत आलेला लाल गाळ भातरोपांच्या मुळाशी बसतो आणि पाणी ओसरले की विटेसारखा कडक होतो. असे शेत पाहिल्यावर 'जमीन कोणाची' हा प्रश्न केवळ सातबाराचा राहत नाही. मी हिंदू आहे, तरीही या प्रश्नाची सर्वांत सखोल मांडणी मला ख्रिस्ती धर्मचिंतनात आढळली. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या परिपत्रकात खासगी मालमत्तेचा हक्क मान्य केला, पण तिचा उपभोग इतरांच्या गरजेचे भान ठेवून घ्यावा आणि मजुराला निर्वाहापुरते वेतन मिळावे, असेही बजावले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकावा, असे साऱ्या मानवजातीला उद्देशून लिहिले. गावकरीची, म्हणजे मूळ गावकऱ्यांच्या संस्थेची, सामाईक जमीन ज्या गोव्याने पोर्तुगीजांच्या आधीपासून जपली, त्याला हा विचार परका वाटू नये.

फोंडेकर :
आपली कळकळ पोहोचली, पण निष्कर्ष मान्य नाही. १५६० मध्ये पोर्तुगीजांच्या धाकाने कुठ्ठाळीचा मंगेश देव आमच्या अंत्रुजात, म्हणजे फोंडा भागात, आणावा लागला आणि त्याच वर्षी सुरू झालेले इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, मधली काही वर्षे वगळता, १८१२ पर्यंत टिकले. धर्मशास्त्राच्या हाती सत्ता गेली की काय होते, हे आम्हांला कोणी शिकवायला नको. शिवाय खनिजविक्रीच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम पुढील पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधीत ठेवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला, तो संविधानाच्या आधारे. त्यासाठी बायबल उघडावे लागले नाही.

सासष्टीकर :
मी ख्रिस्ती आहे आणि माझी तक्रार दोघांहून वेगळी आहे. आमच्याकडे बाप्तिस्म्यानंतरही जात उरली, चर्चमधील कोंफ्रारी, म्हणजे भाविकांची मंडळेसुद्धा, जातीनुसार वाटल्या गेल्या. माझे आजोबा मुंडकार होते, म्हणजे भाटकाराच्या (जमीनदाराच्या) जमिनीवर घर करून राहणारे. प्रत्येक रविवारी भाटकाराच्या मागच्या बाकावर बसून त्यांनी शेजारप्रेमाचे प्रवचन ऐकले, पण घराखालच्या जमिनीला संरक्षण मिळाले ते १९७५ च्या कायद्याने.

साखळीकर :
फोंडेकर, सत्ता धर्माकडे जावी असे मी म्हणत नाही. ग्रामसभेत इतरांप्रमाणे त्यालाही युक्तिवाद करू द्यावा, एवढेच मागतो. निधी किती टक्के, हे न्यायालय ठरवते, पण जन्माला न आलेल्या मुलाचे आपण देणे का लागतो, हे गावाला पटवावे लागते. सासष्टीकर, आपल्या आजोबांच्या बाकाला मात्र माझ्यापाशी उत्तर नाही.