लांज्यातल्या उताराच्या बागेत बसून चालवायचा मोवर चालेल का?

सड्यावरचा:
नमस्कार मंडळी, लांजा तालुक्यात आमची सहा एकर जागा आहे, दीडशेक हापूसची कलमं, थोडा काजू, बाकीचं वरकस, म्हणजे हलकी उताराची जमीन. बाबा होते तोवर दरवर्षी गडी लावून बेणणी, म्हणजे गवताची कापणी-सफाई, व्हायची, आता गडी मिळत नाहीत आणि मिळाले तरी दसरा झाला की सगळ्यांना एकदमच हवे असतात. गेल्या फेब्रुवारीत वरच्या सड्यावरनं, म्हणजे खडकाळ माळावरनं, वणवा उतरला, गवत कमरेएवढं उभं वाळलेलं, अकरा कलमं होरपळली. त्यातली चार बाबांनी पऱ्याचं (ओढ्याचं) पाणी कळशीनं वाहून जगवलेली होती. यंदा काही झालं तरी गवत उभं ठेवायचं नाही असं ठरवलंय.

मी पुण्यात नोकरीला, महिन्यातून दोनदा जाणं होतं. राइड-ऑन मोवरचे व्हिडिओ बघतोय, एकटा माणूस तासाभरात केवढं कापतो. जागा अशी आहे की घराभोवती दीड एकर सपाट, पण मधेमधे जांभ्याचे दगड डोकं काढून आहेत, मागे पऱ्याकडे चांगलाच उतार, दोन गडगे, म्हणजे दगडी बांध, आडवे. बजेट पाच लाखांच्या आसपास, सेकंडहँडही चालेल. कुठला घेऊ?

राजापूरची बाग:
दादा, कलमांचं वाचून वाईट वाटलं, आम्हीपण यातून गेलोय.

पण राइड-ऑन मोवर घेऊ नका, स्पष्टच सांगतो. ते मशीन हिरवळीसाठी बनवलेलं आहे, म्हणजे वीतभर गवत आठ-दहा दिवसांनी कापायचं, खाली जमीन तासून सारखी केलेली. आपलं गवत भाद्रपदात छातीला लागतं, ते डेकखाली, म्हणजे पात्यावरच्या झाकणाखाली, गुंडाळतं आणि पातं फिरवणारा पट्टा जळतो. आणि गवतात लपलेला जांभा दिसत नाही हो, पातं एकदा दणकन बसलं की काम खलास.

आमच्याकडे चार वर्षं दोन ब्रश कटर, म्हणजे हातात धरून गवत कापायची इंजिनाची यंत्रं, आहेत, दोन्ही फोर स्ट्रोक, ३५ सीसीचे. ऑइल मिक्स करायची भानगड नाही, गडी बदलला तरी इंजिन जाम होत नाही. दगडाच्या जागी नायलॉनची दोरी लावतो, जाड रान असेल तिथे तीन दातांचं पातं. एक माणूस दिवसाला अर्धा ते पाऊण एकर करतो. तोंडावर जाळीची शील्ड आणि गमबूट घातल्याशिवाय मी कोणाला मशीन हातात देत नाही, खडा उडाला तर डोळा जातो आणि आपल्या सड्यावर फुरशी किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको.

खरी गोष्ट वेळेची आहे. दसऱ्याची वाट बघू नका. पहिली कापणी श्रावणात करा, नाहीतरी कल्टार (मोहोर यावा म्हणून मुळाशी घालायचं औषध) घालायचं असेल तर बुंध्याखालचं गवत तेव्हा काढावंच लागतं. दुसरी दिवाळीच्या आत, बी पडायच्या आधी. दोनदा कापलेलं गवत जानेवारीत गुडघ्यालाही येत नाही, आणि सड्याच्या बाजूला दहा-पंधरा फुटांचा पट्टा अगदी जमिनीपर्यंत साफ ठेवा, पातेरा, म्हणजे वाळलेला पालापाचोळा, तोपण ओढून घ्या. आमच्या इथे आग त्या पट्ट्यावर येऊन थांबलेली मी उभं राहून बघितलीय.

पेन्सिल्व्हेनियाची वहिनी:
मी मूळची चिपळूणची, आता पश्चिम पेन्सिल्व्हेनियात पाच एकरांवर राहते, डोंगराळच भाग आहे. इथे राइडिंग मोवर घरोघरी असतो, म्हणून माझा अनुभव लिहिते.

आम्ही पहिल्यांदा ४२ इंची डेकचा साधा लॉन ट्रॅक्टर घेतला. सपाटीवर मस्त चालला, पण चढावर अर्ध्या तासानं हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन (तेलाच्या दाबानं चाकं फिरवणारा भाग) तापलं की मशीन पुढे सरकेनाच, पेडल पूर्ण दाबलं तरी नुसता गुरगुरायचा. स्वस्त मॉडेलमधलं ट्रान्समिशन सपाट अंगणासाठीच असतं, हे कोणी दुकानात सांगितलं नाही. पुढच्याच वर्षी गवतातल्या दगडावर पातं आपटून स्पिंडलचं, म्हणजे पात्याच्या दांड्याचं, हाउसिंग तडकलं.

झीरो टर्न, म्हणजे जागच्या जागी वळणारा मोवर, तर उताराला अजिबात नको. पुढची चाकं मोकळी फिरणारी असतात, सगळं वळणं नि थांबणं मागच्या दोन चाकांवर, ओल्या गवतावर उतरताना ती घसरली की मशीन तुमच्या हातात राहत नाही. माझ्या नवऱ्याचं असं झालं, ओढ्याच्या काठावर कुंपणाला अडकला म्हणून वाचला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

बहुतेक राइडिंग मोवरच्या मॅन्युअलमध्ये १५ अंशांच्या वर चालवू नका असं लिहिलेलं असतं, काहींत तर १०. भाऊ, तुम्ही आधी उतार मोजा. १० फुटांची सरळ काठी घ्या, एक टोक जमिनीला टेकवा, काठी लेव्हल धरा आणि दुसऱ्या टोकापासून जमिनीपर्यंत टेप लावा. ३२ इंच आले म्हणजे १५ अंश झाले. त्याच्यावर बसून जायचंच नाही. त्याच्या आतही बसायच्या मशीननं चढ-उताराच्या रेषेत जायचं, आडवं जायचं नाही. हातानं ढकलायच्या मशीनला बरोबर उलट, ते आडवंच चालवायचं, म्हणजे पाय घसरला तर मशीन अंगावर येत नाही.

कुडाळ अवजारे:
वहिनींनी उताराचं सांगितलं ते सोन्यासारखं आहे. मी भाड्यानं ट्रॅक्टर चालवतो, सपाट भागाबद्दल लिहितो.

दीड एकर सपाट आहे आणि कलमं १० बाय १० मीटरवर असतील तर मिनी ट्रॅक्टर मधून आरामात फिरतो. २४ एचपीच्या आसपासचा, फोर व्हील ड्राइव्ह, महिंद्रा जिवो किंवा कुबोटाचा लहान, मागे पीटीओवर (ट्रॅक्टरच्या इंजिनावर फिरणाऱ्या दांड्यावर) स्लॅशर, म्हणजे गवत कापायचं अवजार. स्लॅशरची पाती पिनवर मोकळी असतात, दगड लागला तर मागे दुमडतात, मोवरसारखी थेट आपटत नाहीत. तरी मोठे जांभे आधी पहारीनं काढून घ्या, नाहीतर चुना मारून ठेवा, एक रविवार जाईल पण पुढची दहा वर्षं सुटाल.

एक गोष्ट मात्र ऐका. हापूसच्या फांद्या खाली आलेल्या असतात, त्या अडकतात म्हणून लोक सीटमागचा रोल बार दुमडून ठेवतात नाहीतर काढूनच टाकतात. तसं करू नका. ट्रॅक्टर उलटला तर तोच बार माणूस वाचवतो. बार उभाच ठेवा नि सीटचा पट्टा लावा, फांदीखालचं गवत ब्रश कटरनं काढा.

घ्यायचाच असेल तर आधी महाडीबीटीवर (सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर) यांत्रिकीकरणाचा अर्ज टाका. पूर्वसंमती यायच्या आधी बिल केलंत तर अनुदान मिळत नाही, माझ्या ओळखीतल्या दोघांचं असंच गेलं. आणि खरं सांगू का, सहा एकरांतल्या दीड एकरासाठी स्वतःचा ट्रॅक्टर घेण्यापेक्षा वर्षातून दोनदा भाड्यानं बोलवा.

सड्यावरचा:
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी गेलो होतो, वहिनींच्या पद्धतीनं काठी घेऊन मोजलं. घराजवळ ७ इंच, मधल्या गडग्याखाली १९, आणि पऱ्याकडे तीन ठिकाणी मोजलं तर ३६, ४१ आणि एके जागी टेपच पुरेना. आई अंगणातनं बघत होती, म्हणाली इथे तुझे बाबापण कधी बैल उतरवायचे नाहीत.

मोवर रद्द. दोन ब्रश कटर घेतोय, फोर स्ट्रोकच, गावातल्या एका पोराला शिकवून वर्षभराचं काम त्यालाच द्यायचं ठरलंय, शील्ड आणि गमबूट माझ्याकडून. सपाटीला भाड्याचा ट्रॅक्टर. दगडांना चुना मारायला सुरुवात केलीय, पहिल्याच दिवशी त्रेसष्ट निघाले.

राजापूरच्या दादांना एकच विचारायचंय, सड्याच्या बाजूचा पट्टा गडग्याच्या आतून काढता की बाहेरून?

राजापूरची बाग:
दोन्हीकडून. बाहेरची जागा शेजाऱ्याची असेल तर त्यांना आधी विचारा, आम्ही शेजारी मिळून एकाच दिवशी काढतो.