तीन वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर एकच सर्व्हर प्रोग्रॅम : पॅकेज कसे बांधावे? (मदत हवी आहे)

नमस्कार. देवगड ते रत्नागिरी या पट्ट्यातील तीन मच्छीमार सोसायट्यांसाठी आम्ही दोघांनी मिळून एक सर्व्हर प्रोग्रॅम लिहिला आहे. सभासदांची खाती, नौकांना दिलेले डिझेल आणि लिलावात गेलेल्या मासळीचा हिशेब त्यात ठेवला जातो. प्रोग्रॅम सी प्लस प्लसमध्ये असून माहिती पोस्टग्रेस १३ या डेटाबेसमध्ये साठवलेली आहे. पावसाळ्यात इंटरनेटचा भरवसा नसल्यामुळे सर्व्हर सोसायटीच्या कार्यालयातच ठेवावा लागतो आणि तेथे जे यंत्र असेल त्यावरच भागवावे लागते. एका ठिकाणी सेंटओएस ७ हे लिनक्स आहे, दुसरीकडे उबुंटू २२.०४ हे वेगळे लिनक्स आणि तिसरीकडे विंडोज सर्व्हर.

पहिली अडचण बांधणीची होती. उबुंटूवर कंपाइल केलेला प्रोग्रॅम सेंटओएसवर सुरूच होईना, ग्लिबसी (लिनक्सवरील प्रोग्रॅमना लागणारी मूळ सी लायब्ररी) २.३४ सापडत नाही, एवढाच संदेश येई. सेंटओएस ७ मध्ये ग्लिबसी २.१७ आहे, उबुंटू २२.०४ मध्ये २.३५, जुन्या ग्लिबसीवर बांधलेले नव्यावर चालते, नव्यावरचे जुन्यावर चालत नाही. म्हणून आता आम्ही सेंटओएस ७ वरच बांधतो आणि त्यातूनच आरपीएम (सेंटओएससाठी) व डेब (उबुंटूसाठी) अशी दोन्ही पॅकेजे काढतो. अवलंबित लायब्ररींची नावे मात्र प्रत्येकासाठी वेगळी लिहावी लागतात. हे निभावते, परंतु सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ रोजी संपला असल्याने त्यावर विसंबणे मला योग्य वाटत नाही.

खरी काळजी पुढची आहे. गेल्या मासेमारी बंदीत आम्ही सेंटओएसवरील डेटा डिरेक्टरी (पोस्टग्रेसच्या फाइलींचा फोल्डर) जशीच्या तशी उबुंटूच्या नव्या यंत्रावर नेली. पोस्टग्रेसची आवृत्ती तीच ठेवली होती आणि सर्व्हरही विनातक्रार सुरू झाला. दोन दिवसांनी डिझेल परतावा जमा करताना कारकुनांच्या लक्षात आले की एका सभासदाचे खाते यादीत दिसते, पण क्रमांकाने शोधल्यास सापडत नाही. त्यांनी नवे खाते उघडले आणि युनिक इंडेक्स (एकच क्रमांक दोनदा येऊ न देणारी शोधसूची) असूनही ते स्वीकारले गेले. एका मच्छीमाराच्या हक्काची रक्कम अशी दोन खात्यांत विभागली गेली, ही गोष्ट मला अजूनही सलते.

कारण शोधण्यात आठवडा गेला. पोस्टग्रेस मजकुराचा क्रम ग्लिबसीला विचारून ठरवते आणि ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या ग्लिबसी २.२८ मध्ये क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. आमचे खाते क्रमांक ‘१-१’ अशा स्वरूपाचे आहेत (साठवताना इंग्रजी अंक वापरतो). जुन्या नियमाने ‘११’ आधी आणि ‘१-१’ नंतर येत असे. नव्या नियमाने हा क्रम उलटतो. इंडेक्स डिस्कवर जुन्या क्रमाने मांडलेला आणि शोध नव्या क्रमाने, म्हणून चुकामूक. डेटाबेसच्या मूळ (डिफॉल्ट) क्रमाबाबत असा बदल झाल्यास पोस्टग्रेस १५ पासून इशारा मिळतो. १३ मध्ये काहीच कळत नाही. रीइंडेक्सही (इंडेक्स नव्याने बांधणे) आधी दुहेरी खाती हाताने एकत्र केल्याशिवाय पूर्ण होईना. शेवटी आम्ही जुन्या यंत्रावर परतलो.

कंटेनर (प्रोग्रॅम व त्याच्या लायब्ररींचा एकत्र संच) वापरल्यास ग्लिबसी प्रोग्रॅमबरोबरच येते, हे मान्य. परंतु पोस्टग्रेसही कंटेनरमध्ये ठेवले आणि पुढे त्याची मूळ इमेज (कंटेनर ज्यातून बनतो तो साचा) बदलली, तर क्रमाचा हाच प्रश्न पुन्हा उभा राहील; शिवाय अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या इमेजमधील मसल ही सी लायब्ररी भाषेनुसार क्रम लावतच नाही. विंडोजवर तर क्रम विंडोजच ठरवते. म्हणून खाते क्रमांकांच्या रकान्यांना ‘सी’ कोलेशन (मजकुराचा क्रम लावण्याचा नियम) द्यावे, म्हणजे सर्वत्र बाइटनुसार एकच क्रम राहील, आणि सभासदांच्या मराठी नावांसाठी आयसीयू या भाषेनुसार क्रम लावणाऱ्या स्वतंत्र लायब्ररीचे कोलेशन वापरावे, असा माझा विचार आहे.

आयसीयूची आवृत्ती बदलल्यावर नावांचे इंडेक्स प्रत्येक वेळी नव्याने बांधावे लागतात का, आणि तिन्ही ठिकाणी एकच आयसीयू आवृत्ती राखणे व्यवहारात जमते का, हे ज्यांनी केले असेल त्यांनी कृपया सविस्तर सांगावे. डेटा डिरेक्टरी न हलवता डंप (डेटाबेसमधील माहितीची निर्यात प्रत) काढून नव्या यंत्रावर भरणे पुरेसे सुरक्षित आहे, असे मी समजतो. त्यात काही निसटत असल्यास तेही कळवावे. विंडोजसाठी वेगळी बांधणी ठेवावी की तेथे लिनक्सच बसवण्याचा आग्रह धरावा, याबद्दलही मत हवे आहे.

१ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात नौका किनाऱ्यावर असतात आणि कार्यालयात काम कमी असते. स्थलांतर त्याच ६१ दिवसांत उरकावे लागेल, कारण ऑगस्टमध्ये पहिली नौका समुद्रात गेली की खाती एक दिवसही बंद ठेवता येत नाहीत.