रिटायर प्रोफेसर सरांच्या डायऱ्यांचं पुस्तक करायचंय, कसं करावं?

पूर्णाकाठचा:
नमस्कार मंडळी. आमचे सर तालुक्याच्या सिनिअर कॉलेजात भूगोल शिकवायचे, रिटायर झाल्यावर गावातच राहतात. दर्यापूरकडचं खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे जमिनीखाली खारं पाणी असलेल्या पट्ट्यातलं गाव आहे आमचं. सर माळकरी, गजानन महाराजांच्या पालखीत शेगावपासून पंढरपूरपर्यंत पायी गेलेले, नंतर ओंकारेश्वरहून नर्मदा परिक्रमाही केली, आणि हे सगळं रोज रात्री वहीत लिहून ठेवलेलं. छापलेलं म्हणजे फक्त पोरांसाठीच्या नोट्स अन मधे पेपरात एक सदर चालायचं तेवढंच. आता आम्ही जुने विद्यार्थी मिळून पुस्तक काढायचं म्हणतोय. अध्यापन, श्रद्धा, लेखन, प्रवास असे चार भाग करून शेवटी मान्यवरांचे लेख घ्यावे असा एक विचार आहे. काकू म्हणतात नुसत्या वह्या छापा. कोणाला अनुभव असेल तर सांगा, पैसे वर्गणीतूनच जमवायचे आहेत.

बाभूळबन:
मान्यवरांचे लेख घेऊ नका. गौरवग्रंथ म्हणजे आमदार साहेबांचा शुभसंदेश, फोटो, मग "सरांसारखा माणूस होणे नाही" हे वीस जणांनी वीस वेळा लिहिलेलं. शाल-श्रीफळासोबत वाटतात आणि घरी गेल्यावर टीव्हीखाली जातं. वर्गणी फुकट जाईल, स्पष्टच सांगतो. काकूंचं ऐका.

पोट्टा_नं_१:
मीबी सरायचाच पोट्टा हाय भाऊ. सरायनं आमाले लोणारले नेलं होतं एसटीच्या लाल गाडीनं, वरून खाली उतरेपरेंत हे बेसाल्ट, म्हंजे लाव्ह्याचा काळा दगड पाहा, थे बेसाल्ट पाहा, उल्का पडून झालेलं विवर हाय, पावणेदोन-एक किलोमीटर रुंद, सारं तोंडपाठ. तळ्याच्या काठावर गेलो त खिशातून लाल लिटमस काढला, पाण्यात बुडोला, निळा झाला. म्हणे पाहा लेकहो, पाणी अल्कधर्मी हाय. अन थोच ओला कागद खिशात ठेऊन कमळजा देवीच्या देवळात गेले, चप्पल काढली, डोकं टेकोलं. एका पोट्ट्यानं इचारलं, सर तुमी त सायन्सवाले ना? सर काईच बोलले नाई, परसादाचं खोबरं त्याच्या हातावर ठेवलं अन म्हणे चाल, आता गोड्या पाण्याची धार पाहू, खाऱ्या तळ्याच्या बाजूले गोडं पाणी कसं निंगते थे सांग मले. आता मले सांगा, हे तुमी अध्यापनाच्या भागात टाकसान का श्रद्धेच्या?

सातपुडा_पायथा:
वरच्या भाऊंनी बरोबर पकडलं. चार कप्पे केले की माणूसच हातातून जातो. पण एक वेगळं मत, परिक्रमेची पुस्तकं मराठीत ढिगानं आहेत हो. नदी उजव्या हाताला ठेवायची, मधे ओलांडायची नाही, समुद्राजवळ नावेत बसून पलीकडे मिठी तलाईला उतरायचं, सदावर्त, नर्मदे हर... हे वाचकांना आता पाठ झालंय. भूगोलाच्या माणसानं तिथं काय पाहिलं ते हवं. नर्मदा आणि तापी दोघी खचदरीतून, म्हणजे जमीन खचून झालेल्या दरीतून पश्चिमेला वाहतात, आणि तुमच्या गावची पूर्णा सातपुड्यातून निघून चांगदेवला तापीलाच मिळते. म्हणजे हा माणूस ज्या नदीकाठी राहतो, तिच्यासारखीच पश्चिमेला जाणारी नर्मदा काठानं चालून आला. वहीत त्यांनी कुठं हे लिहिलंय का शोधा, असेलच. आणि खरं सांगू का, खारपाणपट्ट्यातल्या विहिरी, खारं पाणी, हरभऱ्याची कोरडवाहू शेती, यावर तिथंच राहून शिकवणाऱ्या माणसानं लिहिलेलं फार कमी वाचायला मिळतं. सदराची कात्रणं असतील तर ती आधी काढा, माझ्या मते पुस्तक तिथं आहे.

बाभूळबन:
पटलं. पण पालखीचं गाळू नका. अकोला, परळी, सोलापूर असं एवढं अंतर चालताना माती कशी बदलत गेली हे सरांनी लिहिलं नसेल तर मी नाव बदलीन.

टायपिंगवाली_ताई, यवतमाळ:
आता कामाचं बोलते. वह्या आधी स्कॅन करा, फोननं केल्या तरी चालतील पण उजेडात, पानाची सावली न पडता, आणि प्रत्येक वहीचं वेगळं फोल्डर. वह्या कोणाला घरी नेऊ देऊ नका, जुन्या विद्यार्थ्यालाही नाही, आमच्याकडे एका आजोबांची वही अशीच गेली ती गेलीच. टायपिंग युनिकोडमधेच करून घ्या, म्हणजे कुठल्याही फोन-कॉम्प्युटरवर तसंच दिसणाऱ्या अक्षरांत. छपाईची पानं लावून देणारे डीटीपीवाले जुन्या फॉन्टात करून देतात, मग ई-बुक काढायच्या वेळी सगळी जोडाक्षरं फुटतात आणि पुन्हा पैसे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, लेखकाला स्वतःला ऑनलाइन काढता येतो, राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी एजन्सी आहे, फी नाही, त्यामुळे त्याचे वेगळे पैसे कोणी मागितले तर देऊ नका. राज्य सरकारच्या साहित्य संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठी असते, सरांचं हे पहिलंच ना? नियम वाचून बघा. आणि प्रती सुरुवातीला थोड्याच काढा, लागल्या तर पुन्हा छापता येतात.

पूर्णाकाठचा:
सगळ्यांचे आभार. सरांना वाचून दाखवलं. मान्यवरांचे लेख रद्द झाले म्हटल्यावर एकदम खुश, म्हणे वाचलो. लिटमसचं ऐकून हसले, आठवत होतं त्यांना. पोट्टा_नं_१, तुमचं नाव विचारत होते, मेसेज करा. कात्रणं काकूंनी गव्हाच्या कोठीवरच्या पत्र्याच्या पेटीतून काढली, काही वाळवीनं खाल्लीत पण विहिरींवरचे लेख शाबूत आहेत. पालखीच्या वहीत मातीचं आहे, बाभूळबन, नाव ठेवा तसंच 😄 परळीच्या आधीच्या मुक्कामात अर्धं पान काळ्या मातीवर आणि अर्धं पान पायाच्या फोडांवर आहे. फोनवर बोलून टाइप करून पाहिलं तर सरांचा वऱ्हाडी उच्चार फोनला झेपत नाही, सर त्याच्यावरच चिडले, म्हणे ह्याला पहिल्या बाकावर बसवा. तर आता हातानंच टाइप करून घेणार. ताई, युनिकोडात काम करणारं अमरावती किंवा दर्यापूरकडं कोणी माहीत असेल तर कळवाल का?