मोठ्या बाजाराच्या गावाला नगरपंचायत हवी का?

बालाघाटकर: तालुक्याच्या गावांना नगरपंचायतीचा, म्हणजे छोट्या शहराचा दर्जा देण्याच्या 2014 च्या निर्णयानंतर वडवणी, पाटोदा, जळकोट, लोहारा ही तालुक्याची गावं नगरपंचायती झाली. आता तालुका नसलेल्या, पण आठवडी बाजार, बँक, जिनिंग असलेल्या 12-15 हजार वस्तीच्या गावांतूनही मागणी होतेय. नगरपरिषदा-नगरपंचायतींच्या 1965 च्या अधिनियमातली 10 ते 25 हजार लोकसंख्येची अट ही गावं पुरी करतात. माझं मत स्पष्ट आहे, करावी. एवढा पसारा ग्रामसेवकाच्या जिवावर चालत नाही. मुख्याधिकारी, अभियंता, लेखापाल गावातच बसले तर नाल्यांची कामं तरी धड होतील. काळ्या जमिनीत पाइप टाकताना एक फूट जास्त खोदून मुरमाचा थर द्यावा लागतो. तो दिला नाही की माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि जोड सुटतात. हे पाहायला खड्ड्यावर माणूस उभा लागतो. शिवाय पाण्याचा निकष खेड्यांच्या जलजीवन योजनेत माणशी रोज 55 लिटर, शहरी योजनेत 135.

मांजराकाठ: 135 लिटर आणणार कुठून? आपल्याकडं मराठवाड्यात खाली बेसाल्ट, म्हणजे काळा कातळ. पाणी वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या सांध्यांत असतं, त्याखाली नुसता कातळ. बोअर कितीही खोल नेला तरी सांधा लागला नाही तर धुरळाच. लातूर 2011 ला महानगरपालिका झालं, तरी 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आधी धरण प्रकल्पातून पिण्याच्या पाण्याचं आरक्षण मंजूर करून घ्या, मग दर्जाचं बोला.

आणि तांड्यांचं काय? महसुली शिवारात दोन-तीन तांडे, वाड्या असतात. निम्मी माणसं ऊसतोडीला जातात. केंद्राचा रोजगार हमीचा कायदा ग्रामीण भागासाठी आहे. हद्द शहरी झाली की ते काम गेलं. ग्रामसभा गेली, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचं मतदानही गेलं.

बालाघाटकर: पाण्याचा मुद्दा मान्य, आरक्षण आधीच हवं. पण घरकुलाचा फरक बघा की. ग्रामीणला मूळ अनुदान 1 लाख 20 हजार, शहरी योजनेत केंद्र-राज्य मिळून अडीच लाख.

गावठाण_नकाशा: त्या अडीच लाखांसाठी जागेच्या मालकीचा कागद आणि बांधकाम परवानगी मागतात. गावठाणात बहुतेकांकडं फक्त नमुना 8 चा उतारा असतो. तो कर आकारणीचा कागद, मालकीचा नव्हे. फायली इथंच अडकतात. स्वामित्व योजनेची ड्रोन मोजणी ग्रामीण गावठाणांसाठी आहे, म्हणून दर्जा बदलण्याआधी मोजणी उरकून मालकीच्या सनदा हातात घ्याव्यात. नंतर तोच कागद मिळवायला फार धावाधाव होते.

मांजराकाठ: बरोबर. प्रभागांचंही गणित मांडा. नगरपंचायतीत 17 प्रभाग, प्रत्येकी एक नगरसेवक. 12 हजारांच्या गावात एका प्रभागाला साधारण 700 माणसं. 300 वस्तीचा तांडा गावठाणाच्या अर्ध्या गल्लीला जोडला जाणार आणि निवडून येणार गल्लीतला.

गावठाण_नकाशा: म्हणूनच मला हो-नाही पेक्षा हद्द महत्त्वाची वाटते. अख्खं महसुली गाव घेतलंच पाहिजे असं नाही. बाजारपेठ, गावठाण आणि रस्त्याकडेचे प्लॉट पडलेले गट तेवढे आत, तांडे बाहेर ठेवून त्यांना स्वतंत्र ग्रामपंचायत मागावी. प्रारूप अधिसूचना निघाली की हरकतींना 30 दिवस मिळतात. ‘आमचा विरोध आहे’ एवढ्यावर कुणी हद्द बदलत नाही. तांड्याचे गट नंबर, घरांची संख्या, गावठाणापासूनचं अंतर लिहा, नकाशावर रेघ मारून जोडा, जिल्हाधिकारी कार्यालयाची पोच घ्या.

बालाघाटकर: तांडे बाहेर ठेवले तर लोकसंख्या 10 हजारांच्या खाली येईल, काही गावांत तरी.

मांजराकाठ: मग त्या गावांत नगरपंचायत नको. आकडा भरायला तांड्याची माणसं मोजायची आणि त्यांचीच रोजगार हमी काढायची, हे मला कदापि पटणार नाही.