लॉनसाठी तीन पायांचा स्प्रिंकलर घ्यायचा आहे, बजेट २०००, सल्ला द्या (जुळे सोलापूर)

मोगरा_जुळेसोलापूर
नमस्कार मंडळी. घरासमोर ३० बाय ५० फुटांचं लॉन आहे, कडेने मोगरा, जास्वंद, कढीपत्ता आणि एक सीताफळ. आजवर आई रोज संध्याकाळी पाइप धरून तासभर उभी राहायची. आता गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी तिला उभं राहायला मनाई केलीय. मी कामावरून येतो आठला. एप्रिल लागला आणि निम्मं लॉन पिवळं पडलं. आई खिडकीतून रोज बघते, बोलत नाही काही, पण मला कळतं.
नळाला पाणी चार दिवसांनी येतं, ते बागेला घालत नाही. बागेला बोअरचं. १ एचपीची सबमर्सिबल, १००० लिटरची टाकी पहिल्या मजल्याच्या गच्चीवर, तिथून बागेत अर्धा इंची पाइप. पितळी घेऊ की प्लास्टिक? २००० च्या वर जायचं नाही.

होटगीरोडकर
स्वस्तात पडू नका. मी फार्महाऊसला एक इंची पितळी हेड, म्हणजे फवारा मारणारं वरचं तोंड, आणि स्टीलचा स्टँड घेतला, ६५०० गेले. तीन वर्षं झाली, एक स्प्रिंगसुद्धा बदलली नाही. घ्यायचा तर असाच घ्या.

बोरामणीचा_शेतकरी
एवढं पाणी गवताला कशाला घालूलालाव मालक? आमच्याकडं डाळिंबाला ड्रिपनं मोजून पाणी देतो. लॉन काढा, शेवंती लावा, ड्रिप टाका. उजनी धरणाची पातळी खाली गेली की आम्हीच बघतो काय होतं ते.

मोगरा_जुळेसोलापूर
दादा, तुमचं पटतं. पण हे लॉन वडिलांनी लावलंय. काढणार नाही.

अक्कलकोटनाका
माझं ऐका, स्टँड सपाट जागी ठेवा. आपली काळी माती, भिजली की लोणी. दहा मिनिटांत एक पाय रुतला, स्टँड कलंडला आणि फवारा सरळ स्वयंपाकघराच्या खिडकीत. पाडव्याच्या आदल्या दिवशी पुरणाची डाळ, पीठ, सगळं भिजलं. तेव्हापासून प्रत्येक पायाखाली शहाबादी फरशीचा तळहाताएवढा तुकडा ठेवतो आणि मधल्या दांड्याला तारेनं वीट लटकवतो. परत पडला नाही.

पाणीपुरवठा_निवृत्त
सगळे स्टँडवर बोलताहेत, दाबावर कुणीच बोलत नाही. ३२ वर्षं पाण्याच्या पाइपलाइनीत काढली म्हणून सांगतो. १० मीटर उंचीच्या पाण्याला साधारण १ बार दाब मिळतो. तुमची टाकी जमिनीपासून २५ फूट धरली तर पाऊण बार. त्यातला थोडा अर्धा इंची पाइपच खातो. टकटक करत फिरणाऱ्या पितळी हेडला किमान दीड-दोन बार लागतात. तुमच्या टाकीवर ६५०० चा लावा की ६५० चा, पाणी धारेसारखं पडेल आणि हेड फिरवणारी छोटी हातोडी हलणारही नाही. स्प्रिंकलर बिघडला म्हणून लोक दुकानात भांडतात, त्यातले निम्मे हेच असतात.
हिशोबही करा. ३० बाय ५० म्हणजे १४० चौरस मीटर. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर म्हणजे १ लिटर. एप्रिल-मेच्या उन्हात लॉनला दिवसाला ५ मिलिमीटर धरा, म्हणजे ७०० लिटर. गच्चीवरची टाकी रोज जवळजवळ रिकामी होणार.
टाकीच्या पाण्याचा दाब वाढवायला अर्धा एचपीचा बूस्टर पंप बसवा. आणि हात जोडून सांगतो, नळाच्या लाइनीला थेट मोटार लावू नका. पुढच्या घरांना पाणी पोचत नाही.

होटगीरोडकर
दाब-बिब काही नाही, माझा मस्त चालतो.

पाणीपुरवठा_निवृत्त
तुमच्याकडे विहिरीवर ३ एचपीची मोटार आहे, तुम्हीच मागच्या धाग्यात लिहिलंय.

सातरस्ता_गच्चीबाग
काकांशी सहमत, दाब महत्त्वाचा. मी तर म्हणेन रेनपाइप घ्या. चपटा काळा पाइप, वरून बारीक भोकं, कमी दाबातही चालतो. माझ्याकडे गच्चीवर आहे. बोअरच्या क्षारानं भोकं बुजतात तेवढं बघा, दर पंधरा दिवसांनी शेवटचं टोक उघडून धुवावं लागतं.

जुनी_यंत्रं_आवडतात
हा टकटक करणारा स्प्रिंकलर कॅलिफोर्नियातल्या ऑर्टन एंगलहार्ट या संत्रीवाल्या शेतकऱ्यानं बनवला, १९३५ मध्ये पेटंट मिळालं. अजून तीच रचना चालते, धार हातोडीला ढकलते, स्प्रिंग परत आणते, दर ठोक्याला हेड थोडं सरकतं. म्हणून पितळीच घ्या, स्प्रिंग मिळते, वॉशर मिळतो.

अक्कलकोटनाका
पितळी जड असतं, कलंडतं. पायाखाली फरशी ठेवाच.

विजापूररोड_गुलाब
दोन गोष्टी. एक, बोअरचं पाणी पानांवर वाळलं की पांढरे डाग पडतात, गुलाबाची तर पानंच करपतात. मोगऱ्यावर फवारा येऊ देऊ नका. हेडच्या खाली दोन तारेच्या कड्या आणि एक छोटी खीळ असते. खीळ खाली पाडून कड्या फिरवल्या की गोल फिरायच्या ऐवजी अर्धगोल फिरतं. स्टँड मधोमध नाही, कडेला ठेवा, आतल्या बाजूला तोंड करून. दुसरं, दुपारी लावू नका. आपल्याकडचा उन्हाळी वारा निम्मं पाणी शेजारच्या गाडीवर नेतो. पहाटे लावा.

होटगीरोडकर
पहाटे कोण उठतंय. मी रात्री लावतो.

विजापूररोड_गुलाब
रात्रभर पान ओलं राहिलं की बुरशी लागते. माझ्या लॉनवर तपकिरी चट्टे याच कारणानं आले होते.

मोगरा_जुळेसोलापूर
सगळ्यांचे मनापासून आभार. काय केलं ते सांगतो. बूस्टर घेतला नाही, रेनपाइप नाही, ६५०० चाही नाही.
निवृत्त काकांचा हिशोब वाचून रात्री गच्चीवर गेलो आणि लक्षात आलं, मोटार रोज लागतेच, मग पाणी वर चढवून परत खाली का आणायचं? मोटारीचा पाइप टाकीकडे चढतो, तिथे खालीच प्लंबरकडून टी (पाइपला फाटा फोडणारा जोड) आणि बॉल व्हॉल्व्ह बसवून घेतला, तिथून पाऊण इंची पाइप बागेत. त्याचे ६००. पाऊण इंची पितळी हेड आणि लोखंडी स्टँड १२५०. एकूण १८५०.
पहिल्या दिवशी फिरेना. सगळं पाणी वर टाकीतच जात होतं. मग टाकीकडचा व्हॉल्व्ह हळूहळू आवळत गेलो आणि साधारण अर्ध्यावर आल्यावर हेडनं एकदम टक्‌-टक्‌ सुरू केलं. तो पूर्ण बंद करत नाही, मोटारीचं जास्तीचं पाणी वर जायला वाट हवी. पायाखाली शहाबादीचे तुकडे ठेवलेत, कड्या अर्धगोलावर आहेत, मोगऱ्यावर थेंब जात नाही. पहाटे साडेपाचला बटण दाबतो.

पाणीपुरवठा_निवृत्त
मी बूस्टर सांगितला होता, पण हे चांगलं केलंत. मोटारीजवळ जाळीचा फिल्टर बसवा, बोअरची वाळू नोझलमध्ये अडकते. आणि पाणी सारखं पडतंय का ते डबे ठेवून बघा.

मोगरा_जुळेसोलापूर
फिल्टर रविवारी बसवतो. डबे ठेवले काका. आईनं स्वतः स्टीलचे सारख्या मापाचे पाच डबे दिले आणि पायरीवर खुर्ची टाकून बसली. ३५ मिनिटांनी स्टँडजवळच्या डब्यात ९ मिलिमीटर, भिंतीकडच्यात फक्त ३. आई म्हणाली, "मी पाइप धरायचे तेव्हा भिंतीकडे जास्त वेळ थांबायचे." आता मध्येच स्टँड उचलून भिंतीकडे नेतो. जागेवर वडिलांच्या कुदळीचा दांडा रोवून खूण केलीय.