मदत हवी आहे: स्टेगोसॉरसच्या शेपटीचे काटे वर की आडवे?

लेक सहावीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी गणपतीतून उरलेल्या शाडूचा स्टेगोसॉरस करतेय, समोर त्याच्यावर चालून आलेला टी-रेक्स. घोडं शेपटीपाशी अडलंय. घरातल्या प्लॅस्टिकच्या खेळण्यात काटे आकाशाकडे आहेत, तिच्या पुस्तकात बाजूंना. बरोबर काय? शेपटी जमिनीला टेकवली तर मातीला आधार मिळतो, पण बाईसाहेबांना ती उचललेलीच हवी.

आणि परीक्षकांनी "शेपटीने मारायचा हे बघायला कोण गेलं होतं?" असं विचारलं तर? काल मीच विचारलं तर रुसून बसली. जाणकारांनी मदत करा, प्रदर्शन शनिवारी आहे.

खडकफोड्या:
काटे बाजूंना, जरा मागे झुकलेले. शेपटीचा फटका डावीउजवीकडे बसायचा, त्यात वर रोखलेला काटा लागणार कोणाला? एकूण चार, दोन जोड्या, एकेक दोन-तीन फुटांचा. या काट्यांना थॅगोमायझर म्हणतात. नाव एका व्यंगचित्रातल्या विनोदातून आलं आणि शास्त्रज्ञांनी ते खुशाल उचललं. लेकीला आवडेल. शेपटी उचललेलीच ठेवा. डायनोसॉरांच्या पावलांच्या ठशांमागे शेपटी फरफटल्याच्या खुणा क्वचितच दिसतात.

आता परीक्षकांसाठी. अमेरिकेत अ‍ॅलोसॉरस या त्याच काळातल्या शिकारी डायनोसॉरच्या शेपटीचा एक मणका मिळालाय, त्याला आरपार भोक आहे. जीवाश्मतज्ज्ञ केनेथ कार्पेंटर आणि सहकाऱ्यांनी 2005 साली दाखवलं की स्टेगोसॉरसचा काटा त्यात नीट बसतो. भोकाभोवती हाड भरून येऊ लागलं होतं, म्हणजे मार खाल्ल्यावरही तो काही काळ जगला. मारणाऱ्याच्या अंगावरही खुणा आहेतच: 51 काटे तपासले, त्यांतल्या सुमारे 10 टक्क्यांची टोकं मोडून बरी झालेली निघाली.

पण ताई, टी-रेक्स तिथून हलवा! स्टेगोसॉरस सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीचा, टी-रेक्स 6.8 ते 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. दोघांची गाठ पडणं अशक्य. अ‍ॅलोसॉरस करा.

निवांत_काकू:
टी-रेक्स ठेवायचाच असेल तर समोर अँकिलोसॉरस उभा करा, त्याच्या शेपटीला गदा होती. शेपटीचा मागचा अर्धा भाग मणके एकमेकांत अडकून दांड्यासारखा ताठ झालेला, पुढचा भाग लवचीक. म्हणजे हात आणि गदा, दोन्ही शेपटीतच! जीवाश्मतज्ज्ञ व्हिक्टोरिया आर्बर यांनी 2009 मध्ये हिशेब मांडला: मोठ्या गदेच्या तडाख्याने हाड मोडू शकतं, छोट्या गदेने नाही.

मात्र "शेपटी फक्त बचावासाठी" असं तक्त्यावर लिहू नका. याच कुळातल्या एकाचं 2017 मध्ये झूल क्रूरिव्हास्टेटर असं नाव ठेवलं, अर्थ नडग्या फोडणारा. 2022 मध्ये लक्षात आलं की त्याच्या कुशीवरची, कमरेजवळची काटेरी कवचं मोडून भरून आली आहेत, आणि ती जागा भाऊबंदांच्याच गदेच्या टप्प्यातली आहे. थोडक्यात, भाऊबंदकी तेव्हाही होती.

(डिप्लोडोकस या लांब मानेच्या डायनोसॉरच्या शेपटीचा आसूड ध्वनीपेक्षा वेगात कडाडायचा, असं 1997 च्या संगणकी प्रारूपात निघालं होतं. 2022 च्या गणितात वेग ताशी 100 किलोमीटरच्या आसपास आला. ते जुनं वाक्य कुठे लिहिलं असेल तर खोडा.)

जाता जाता: अधांतरी शेपटी नुसत्या शाडूची केली तर वाळताना तडकेल. आत तार घाला आणि वर कागदाचा लगदा चढवा.

धागाकर्ती:
दोघांचे खूप आभार. भोकाची गोष्ट ऐकून रुसवा गेला, आता तीच मला मणका समजावून सांगतेय. तार घातली, काटे आडवे केले. टी-रेक्स मात्र वाळून दगड झालाय, मोडायला ती तयार नाही. हात लांब करून दोनाची तीन बोटं केली तर अ‍ॅलोसॉरस म्हणून खपेल का?

खडकफोड्या:
खपेल. डोळ्यांच्या जरा पुढे दोन छोटी शिंगं तेवढी चिकटवा.