मदत हवी आहे: गवत जाळायचं की कापायचं?

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी आमची सोसायटी. मागच्या उतारावरचं वाळकं गवत दर मार्चमध्ये कुणीतरी पेटवतं. यंदा कमिटी म्हणतेय, "साप येतात, आपणच आधी जाळून टाकू."

काल जाऊन बघितलं. मागच्या जाळाच्या कडेला एका काडीवर प्रार्थनाकीटकाची अंड्यांची पिशवी होती, अर्धी कोळसा झालेली. मोठी फुलपाखरं आगीतून उडून जातील हो, पण काडीला चिकटलेला कोष कुठे पळणार? टाकळ्यावर अंडी घालणारी ती छोटी पिवळी फुलपाखरं इथे पावसाळ्यात भरपूर असतात. (टाकळ्याची भाजी आम्हीही खातो, तो भाग वेगळा.)

गवत अजिबात काढूच नका, असं मी म्हणत नाही. नाहीतर घाणेरीची झुडपं माजतात आणि गवतच जातं. पण एका दमात सगळा उतार साफ करण्यापेक्षा यंदा एक पट्टा, पुढच्या वर्षी दुसरा, असं केलं तर उरलेल्या पट्ट्यातून किडे परत पसरतील ना?

कुणी असं पट्ट्यापट्ट्याने कापून घेतलंय का? किती उंचीवर कापायचं, कुठल्या महिन्यात? कापलेलं लगेच उचलायचं की दोन दिवस पडू द्यायचं? आणि कमिटीतल्या "साप येतात" म्हणणाऱ्या काकांना काय सांगू? मीटिंग रविवारी आहे.